महूतच्या टायरवाल्या चाचांना

चाचा,

सलाम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. ओमानमध्ये मस्कतहून सलालाहला समुद्राच्या कडेने गाडी नेणारी मराठी माणसं आता बरीच दिसतात. त्यातलं कुणी महूतच्या फाट्यावर हवा भरायला थांबलं, तर कंप्रेसरपाशी उभा असलेला माणूस कोण आहे हे त्यांना कळायला हवं.

मी एकटी निघणार म्हटल्यावर माझ्या जवळच्या माणसांनी मला थांबवायचा प्रयत्न केला. प्रेमापोटीच केला, त्यांच्यावर राग नाही. तुम्ही मात्र खडीने कापलेलं टायर उतरवता उतरवता विचारलंत, "पुढं कुठं?" मी म्हटलं खलूफ, पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांपाशी तंबू टाकणार. "सोबत कोण?" हा प्रश्न आला नाही. तुम्ही विचारलंत, "ओहोटी किती वाजता लागतेय, बघितलंस?"

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. एकट्या बाईला वाळवंटात जाऊ द्यावं की नाही, हा विषयच तुम्ही काढला नाहीत. ती जाणारच, तेव्हा तिला काय ठाऊक असायला हवं, इतकंच तुम्ही पाहिलंत. अशी मदत मला फार थोड्यांनी केली आहे.

खलूफ गावापासून टेकड्यांकडे जायला वाट म्हणजे पुळणच. ओहोटीला ती ओली आणि घट्ट असते, भरतीला पाणी वरपर्यंत चढतं. अमावास्या जवळ आली होती. तुम्ही ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर किनारा काढलात आणि सांगितलंत की उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं लांब जातं तितकंच वर परत येतं, तेव्हा रुंद पुळण बघून तिथे तंबू टाकायचा नाही. शेवाळाची वाळलेली रेघ कुठवर आहे ते बघायचं आणि तिच्याही बरंच वर जायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, आली असतीस तर एवढं सांगितलं नसतं, असंही म्हणालात. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशेब इथे जसाच्या तसा लागत नाही, कारण इथलं पाणी वेगळ्या वेळी चढतं. रोज पाऊण तासाने पुढे सरकणं तेवढं सारखंच. बाणकोटच्या खाडीत होडीवर शिकलेली गोष्ट तुम्ही ओमानच्या किनाऱ्यावर तपासून, दुरुस्त करून ठेवली आहे. ते ऐकताना मला फार आनंद झाला, चाचा. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता सांगते.

मग सबखा. वरून सपाट, कोरडं, पांढरं मीठ आणि खाली चिखल. बर्र अल हिकमान या द्वीपकल्पाच्या बाजूला असे पट्टे किती आहेत ते तुम्ही हाताने दाखवलंत. जिथे रंग गडद होतो तिथे गाडी घालायची नाही, जुनी चाकोरी सोडायची नाही आणि समोर चाकोरी संपली तर आपणही तिथेच वळायचं. वाळूत शिरण्याआधी चारही चाकांतली हवा कमी करून अठरा पीएसआयवर आणायची, डांबरी रस्त्याला लागल्यावर पुन्हा भरायची. माझा छोटा कंप्रेसर तुम्ही चालवून पाहिलात आणि त्याची सैल झालेली नळी क्लिपने आवळून दिलीत. त्याचे पैसे घेतले नाहीत. घेतलेत ते फक्त पंक्चरचे.

वाऱ्याचंही सांगितलंत. हिवाळ्यात रात्री वाळवंटाकडून वारा सुटतो, तेव्हा गाडी जमिनीच्या बाजूला आडवी लावायची आणि तंबू तिच्या आडोशाला. वारा मध्यरात्रीनंतर खरंच आला. वाळू गाडीवर तडतडत होती, तंबूचे खुंटे जागचे हलले नाहीत आणि मी झोपले. नीट, गाढ झोपले. घरच्यांना हे सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. खलूफच्या एका कोळ्याला तुम्ही फोन करून ठेवला होता. सकाळी तो पिकअप घेऊन आला, लांबूनच हॉर्न वाजवला, हिंदीत "सब ठीक?" विचारलं आणि जाळ्याकडे निघून गेला. मला ओझं वाटणार नाही इतक्या अंतरावरून माझी काळजी घेण्याची ही रीत तुम्ही दोघांनी कुठून शिकलात, ठाऊक नाही. मला ती शिकायची आहे.

टायर सुकेपर्यंत आपण कासवांबद्दल बोललो होतो, आठवतं? रास अल जिंझला रात्री वाटाड्याबरोबर जाऊन मी हिरवी कासवं अंडी घालताना पाहिली होती. तिथे पुळणीवर तंबू टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तुम्ही वेळासच्या ऑलिव्ह रिडले कासवांचं सांगितलंत. आणि म्हणालात, समुद्र एकच आहे. खरंच एकच. जून ते सप्टेंबर जो नैर्ऋत्येचा वारा रत्नागिरीला भिजवतो, तोच इथे किनाऱ्याजवळचं पाणी ढकलून खालचं थंड पाणी वर आणतो. त्यातून मासळी भरपूर मिळते, पण पाऊस सलालाहच्या डोंगरांपुरताच. बाकी सगळा किनारा कोरडा. या समुद्रातले हंपबॅक देवमासे तर इतर ठिकाणच्या भाऊबंदांसारखे थंड पाण्यात जातही नाहीत, वर्षभर इथेच राहतात. मला एकही दिसला नाही, तरी रास मद्रकाच्या काळ्या खडकांवर दुर्बीण घेऊन बसले होते.

पुढचा प्रवास तुम्ही विचाराल म्हणून थोडक्यात सांगते. दुक्म भराभर मागे टाकलं. शुवैमियाला पांढऱ्या कड्यांखाली मुक्काम केला, आणि तिथून हासिककडे जाणारा घाटरस्ता हा मी आजवर चालवलेला सगळ्यात सुंदर रस्ता आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल निळं पाणी, वाटेत उंटांचे कळप. हासिकच्या पुढे लोबानाची झाडं दिसू लागली. मिरबातला चहा घेतला आणि सलालाहला पोचले. चाकांना पुन्हा काही झालं नाही.

तुमचा पुठ्ठा मी जपून ठेवला आहे आणि त्याची स्वच्छ नक्कल काढली आहे. मस्कतमधल्या ओळखीच्या मुली आता विचारतात, एकटीने जाता येईल का. मी त्यांना ती नक्कल देते आणि ओहोटीची वेळ काढायला सांगते.

मे महिन्यात तुम्ही गावी जाणार म्हणालात. विमान मस्कतहूनच असेल. आदल्या दिवशी या, रुवीला आमच्याकडे उतरा. माझ्या आईला तुम्हाला भेटायचं आहे, तिने तसं मला दोनदा बजावलं आहे. सुरमई करू. मत्रहच्या बाजारातून ती निवडायला मात्र तुम्हीच चला.

तुमची,
खलूफवाली