किकॅडची नवी आवृत्ती आणि आपली लायब्ररी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सर्किट बोर्ड आखायच्या किकॅड या प्रोग्रॅमच्या ५ व्या आवृत्तीवरून थेट ९ व्या आवृत्तीवर जायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं आणि थोडी धास्तीही वाटली. प्रोग्रॅम इन्स्टॉल होईल, त्यात काही नाही. पण तू वर्षानुवर्षं जमवलेले सिंबॉल (सर्किटच्या आकृतीत प्रत्येक भागाची खूण), डेटाशीट समोर ठेवून एकेक पॅड मोजून काढलेले फूटप्रिंट (तो भाग बोर्डावर जिथे सोल्डर होतो तिथला आराखडा), टीममधला प्रत्येक जण ज्यावरून नवं काम सुरू करतो ते टेम्प्लेट, यांचं काय होणार ही खरी काळजी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी लायब्ररी, म्हणजे हा सिंबॉल-फूटप्रिंटचा साठा, किकॅडच्या इन्स्टॉलेशन फोल्डरात असेल तर आधी ती बाहेर काढ. ती जागा किकॅडची. नवी आवृत्ती तिथलं काय ठेवेल नि काय पुसेल, यावर आपला ताबा नाही. वेगळा फोल्डर कर, तो गिटमध्ये (फाइलींमधले बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाक, आणि त्याचा पाथ, म्हणजे पत्ता, स्वतःच्या व्हेरिएबलमधून (त्या पत्त्याला दिलेल्या नावातून) दे. किकॅडच्या स्वतःच्या व्हेरिएबलच्या नावात ६ पासून आवृत्तीचा आकडा असतो. आपल्या नावात तो मुळीच घालू नकोस. आपली लायब्ररी कुठल्याही एका आवृत्तीला बांधलेली नसावी, एवढंच मला या सगळ्या पत्रात सांगायचं आहे. बाकीचे त्याचे तपशील.

मोठा फरक डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ६ व्या आवृत्तीत पडला. तोवर सिंबॉल ‘डॉट लिब’ फाइलमध्ये असायचे, आणि त्यांची वर्णनं, कीवर्ड, डेटाशीटच्या लिंक ‘डॉट डीसीएम’ या जोडफाइलमध्ये. ६ पासून सगळं मिळून एकच ‘डॉट किकॅड-सिम’ फाइल झाली. रूपांतर करताना दोन्ही जुन्या फाइली शेजारी शेजारी, एकाच नावाने हव्यात. डीसीएम मागे राहिली तर सिंबॉल नीट येतात, पिन जागच्या जागी दिसतात, फक्त वर्णनं आणि लिंक गायब असतात. कुणी डेटाशीट उघडायला जाईपर्यंत ते कळतही नाही. रूपांतर मात्र सोपं आहे: सिंबॉल लायब्ररीच्या यादीत जुनी ओळ निवडायची आणि ‘मायग्रेट लायब्ररीज’ दाबायचं. पुढच्या खेपांसाठी ७ पासून कमांड लाइनचीही सोय आहे, सिंबॉल आणि फूटप्रिंट दोन्हींसाठी. जुन्या ‘अलायस’कडे (एकाच सिंबॉलला दिलेल्या जादा नावांकडे) थोडं लक्ष दे. नव्या रचनेत ते मूळ सिंबॉलवरून बेतलेले सिंबॉल होतात. रेग्युलेटरची एखादी फॅमिली उघडून प्रत्येकाचं नाव नि फूटप्रिंट बघून घे.

आता टोपणनावांबद्दल. यावर मी टीममध्ये फार आग्रही असतो. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, सिंबॉलची नोंद फाइलच्या पाथने होत नाही; ‘लायब्ररीचं टोपणनाव, कोलन, सिंबॉलचं नाव’ अशी होते. फाइल कुठेही हलव, तिचं एक्स्टेन्शन बदलू दे, लायब्ररींच्या यादीत टोपणनाव तेच असेल तर दुवा शाबूत राहतो. पण अपग्रेडच्या भरात कुणी टोपणनावापुढे ‘९’ किंवा ‘नवीन’ असं जोडलं, की प्रत्येक जुन्या प्रोजेक्टचा दुवा तुटला म्हणून समज. टोपणनावांना हात लावायचा नाही, हा नियम लायब्ररीच्या रीडमीमध्ये सगळ्यात वर लिहून ठेव.

आणखी एक बारकावा तुझ्यासारख्या मोठ्या टीमला नक्की नडेल. फूटप्रिंटचा ‘डॉट प्रिटी’ हा फोल्डर असतो, आत प्रत्येक फूटप्रिंटची वेगळी फाइल. सिंबॉलचं तसं नाही. अख्खी लायब्ररी एका फाइलमध्ये. ९ मध्ये कुणी एका रेझिस्टरचं नुसतं वर्णन सुधारून सेव्ह केलं तरी सगळी फाइल नव्या फॉरमॅटमध्ये लिहिली जाते, आणि जुन्या आवृत्तीत बसलेल्या सहकाऱ्याला ती उघडत नाही. खात्री करायची तर फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड. सुरुवातीलाच आवृत्ती म्हणून तारखेसारखा आकडा दिसेल. २०२११०१४ असेल तर ती ६ ची. म्हणून थोडे जण आज, थोडे पुढच्या महिन्यात, असं करू नकोस. जुन्या स्थितीला गिटमध्ये टॅग (त्या स्थितीची नावानिशी खूण) लाव, तारीख ठरव, सगळे एकदम हला. ज्याला जुन्यावर राहायचंच आहे त्याने टॅगवरची प्रत वापरावी आणि तिच्यात भर घालू नये.

लायब्ररींची यादीही प्रत्येक मुख्य आवृत्तीची वेगळी असते. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना जुन्या सेटिंग्ज आणायच्या का, असं विचारते. त्या वेळी यादीची प्रत येते. त्यानंतर जुन्या आवृत्तीत जोडलेली लायब्ररी नव्यात दिसत नाही.

तयार होऊन उत्पादनात गेलेले बोर्ड? त्यांना शक्यतो हातच लावू नकोस. बोर्डाच्या फाइलमध्ये फूटप्रिंटची पूर्ण प्रत असते, आणि ६ पासून स्किमॅटिकमध्येही सिंबॉलची प्रत असते. ५ च्या प्रोजेक्टमध्ये मात्र ती शेजारच्या कॅश फाइलमध्ये असते. निरुपयोगी समजून ती कुणी पुसू नये. जो प्रोजेक्ट खरंच पुढे न्यायचा आहे त्याच्या गर्बर फाइली (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या) जुन्या आणि नव्या दोन्हींतून काढून एकावर एक ठेवून बघ. कॉपर झोन (बोर्डावरचे तांब्याने भरलेले भाग) पुन्हा भरताना आकार थोडा बदलू शकतो. ‘अपडेट सिंबॉल्स फ्रॉम लायब्ररी’ वापरताना फील्डच्या (सिंबॉलला जोडलेल्या माहितीच्या रकान्यांच्या) खुणा एकेक वाचून घे. लायब्ररीत नसलेली फील्ड काढून टाकायची खूण चालू राहिली, तर तुम्ही हाताने भरलेले पुरवठादाराचे पार्ट नंबर एका क्लिकमध्ये जातील.

टेम्प्लेट नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलंस तरी काम संपत नाही. नेट क्लास (जोडण्यांचे गट) आणि डिझाइन रूल ६ पासून बोर्डाच्या फाइलमधून प्रोजेक्टच्या फाइलमध्ये गेले आहेत. ते तिथे बरोबर उतरलेत का, हे टेम्प्लेटवरून एक कोरा प्रोजेक्ट काढून तपास: ट्रॅकची रुंदी, क्लिअरन्स (दोन ट्रॅकमधलं अंतर), व्हाया (थर जोडणारी छिद्रं). ड्रॉइंग शीट (आकृतीभोवतीची चौकट) सापडत नसेल तर ९ मध्ये ती स्किमॅटिकच्या किंवा बोर्डाच्या फाइलमध्येच एम्बेड करता येते; फूटप्रिंटमध्ये थ्रीडी मॉडेलसुद्धा. ही सोय मला मनापासून आवडली. बोर्डाची फाइल दुसऱ्याला पाठवताना मॉडेल मागे राहत नाहीत.

एवढा आग्रह का, विचारशील. ईगल या बोर्ड आखायच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे बघ. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते घेतलं, आणि पुढे ७ जून २०२६ ही त्याच्या अखेरची तारीख जाहीर केली. त्यात लोकांनी केवढ्या मेहनतीने लायब्ररी बांधल्या होत्या! त्या पुढे नेता येतात याचं एक कारण म्हणजे ईगलच्या स्वतःच्या ६ व्या आवृत्तीपासून त्याच्या फाइली साध्या एक्सएमएलमध्ये होत्या, आणि किकॅडला ५ पासून ईगलचे प्रोजेक्ट वाचता येतात. तुझ्या फूटप्रिंटमागचे कष्ट मी पाहिले आहेत. ते एका प्रोग्रॅमबरोबर संपलेले मला बघवणार नाहीत.

टॅग लावलास की कळव. रूपांतर झाल्यावर कनेक्टर आणि बारीक पिचचे (पिन फार जवळजवळ असलेले) आयसी डेटाशीटशी ताडून बघावे लागतील. त्यातले निम्मे माझ्याकडे पाठव.

तुझाच,
मित्र