भाग संपल्यावर

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुमच्या लहानपणीचे मुलांचे कार्यक्रम खरंच इतके चांगले होते, की तुम्ही लहान होतात म्हणून ते चांगले वाटतात?" तेव्हा मी "चांगलेच होते" एवढं म्हणून मोकळी झाले. पण तू काही गप्पांच्या ओघात विचारलं नव्हतंस. पुढच्या महिन्यापासून तू मुलांची मालिका लिहिणाऱ्यांमध्ये बसणार आहेस. तू लिहिशील ते कुठलं तरी पाच-सहा वर्षांचं पोर मांडी घालून बघणार आहे. अशा वेळी तुझी एका वाक्यावर बोळवण करणं मला बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळं चांगलं नव्हतं, हे आधी सांगते. दूरदर्शनवर मुलांचा कार्यक्रम म्हणजे पुष्कळदा मोठ्यांनीच मोठ्यांसाठी केलेला कार्यक्रम असे. पावडर लावून ओळीत बसवलेली मुलं पाठ केलेली कविता घडाघडा म्हणायची आणि मधोमध बसलेल्या ताई "छान, छान" म्हणत पुढच्या मुलाकडे वळायच्या. आम्ही तेही बघायचो, कारण दुसरी वाहिनीच दिसत नसे. त्यातलं आज मला काही आठवत नाही. इतक्या वर्षांनी आठवतं ते चाळणीत वर राहिलेलं असतं, आणि आजच्या कार्यक्रमांना अजून ती चाळण लागायची आहे. म्हणून तेव्हाचं विरुद्ध आत्ताचं असा तराजू मला धरायचा नाही. जे वर राहिलं ते का राहिलं, एवढंच मी सांगू शकते.

'एक अनेक और एकता' तू पाहिली आहेस. ती फिल्म १९७४ सालची, म्हणजे माझ्याच वयाची. विजया मुळे यांनी ती केली. संगीत वसंत देसाईंचं, चित्रं भीमसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, आणि गाण्यात लहानग्या साधना सरगमचा आवाज. दोन कार्यक्रमांच्या मधे ती कधीही लागायची, आणि आम्ही हातातलं टाकून टीव्हीसमोर जायचो. एक मुलगा ताईला विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई व्याख्या सांगत बसत नाही. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र अनेक, असं मोजत मोजत सुरुवात होते आणि मग जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट येते. फिल्म सात मिनिटांत संपायची, पण आमचं मोजणं संपायचं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर आम्ही भावंडं पुढे चालवायचो. पंखा एक, पाती अनेक. आजी एक, तिच्या गोधडीतले तुकडे अनेक. कुणाला नवीन सुचलं नाही की तो बाद. हा खेळ आम्हाला कुणी शिकवला नव्हता. फिल्ममध्ये त्याची सुरुवात होती, पुढचं आमच्यावर सोडलेलं होतं.

मराठीत मुंबई केंद्रावर 'किलबिल' असायचं. पुढे १९९० च्या आसपास 'गोट्या' आली, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरून राजदत्त यांनी केलेली. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची, मुलांच्या मालिका बघायचं वय उलटलेली, तरी तिचं शीर्षकगीत सुरू झालं की पुस्तक बाजूला ठेवून यायचे. मधुकर आरकडे यांचे शब्द आणि अशोक पत्कींची चाल. बी रुजण्याची साधी गोष्ट त्या गाण्यात होती, आणि अनाथ मुलगा परक्या घरात रुजतो, हे न सांगता कळत होतं. लहान मुलाला एवढं कळेल, असा विश्वास त्या माणसांना होता. हा विश्वास मला फार मोठा वाटतो.

आता मालगुडीचं सांगते, कारण खरं म्हणजे या पत्रातलं मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच आहे. 'मालगुडी डेज' १९८६-८७ ची. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात आर. के. नारायण यांच्या कथांमधलं मालगुडी गाव उभं केलं आणि सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं यायची. त्यात स्वामीची एक गोष्ट आहे. स्वामी आजीच्या कुशीत झोपणारा मुलगा. वडील पेपरात कुठल्याशा धीट मुलाची बातमी वाचतात आणि स्वामीला आव्हान देतात, आज रात्री माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोपून दाखव. स्वामी आजीकडे पाहतो, आईकडे पाहतो, सुटका नाही. त्या खोलीतल्या बाकाखाली तो शिरतो, अंधारात काहीतरी हलतं, आणि भूतच आलं असं समजून तो त्याचा कडकडून चावा घेतो. तो निघतो चोर! दुसऱ्या दिवशी गावभर स्वामीचं कौतुक होतं, हेडमास्तरांपासून पोलिसांपर्यंत.

आणि त्या रात्री स्वामी काय करतो? पुन्हा आजीजवळ जाऊन झोपतो.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मलाही अंधाराची भीती वाटायची. ती गोष्ट संपली तेव्हा मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. शूर झालेला मुलगा दुसऱ्याच दिवशी पुन्हा घाबरू शकतो आणि तरी त्याला कुणी नावं ठेवत नाही, हे मला कुणीही मोठ्या माणसाने सांगितलेलं नव्हतं. गोष्टीने स्वामीला सुधारलं नाही, त्याची भीती घालवली नाही. ती भीती त्याची त्याच्याकडे ठेवली. असा मुलगा टीव्हीवर असू शकतो, तर मी पण असू शकते, एवढं मला कळलं.

गेल्या महिन्यात मावशीकडे गेले होते तेव्हा तिच्या नातीबरोबर 'ब्लुई' बघितली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार झालेली, २०१८ मध्ये सुरू झालेली कार्टून मालिका, एकेक भाग सात मिनिटांचा. त्यातला 'स्लीपीटाइम' नावाचा भाग लागला. ब्लुईच्या धाकट्या बहिणीला, बिंगोला, आज आपल्या पलंगावर एकटीने, मोठ्या मुलीसारखं झोपायचंय. त्यात बोलणं फार थोडं. ती स्वप्नात आपल्या सशाबरोबर ग्रहांमधून तरंगत जाते, मागे होल्स्ट या संगीतकाराच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतला गुरू ग्रहाचा भाग वाजत असतो, आणि आईची ऊब तिला सूर्यासारखी जाणवते. चिऊ, मला एकदम स्वामी आठवला. मधे तीसहून जास्त वर्षं, वेगळा देश, माणसांऐवजी कुत्र्यांचं कुटुंब, आणि विषय तोच: रात्री एकटं झोपणं. आणि सचोटीही तीच. मावशीची नात भाग संपल्यावर उठली आणि तिने आपल्या बाहुलीला दुसऱ्या खोलीत नेऊन झोपवलं. दर थोड्या वेळाने जाऊन बघून यायची, उठली तर नाही ना.

म्हणून कुणी "आजकालचं सगळं टाकाऊ" म्हटलं की मला पटत नाही. आजचं उत्तम हे तेव्हाच्या उत्तमाच्या तोडीचं आहे. उलट एका बाबतीत पुढे आहे. आमच्या वेळी मुली कुठे होत्या? स्वामी मुलगा, गोट्या मुलगा, १९९३ मध्ये घराघरांत शिरलेला 'जंगल बुक' मधला मोगली मुलगा. आम्ही मुलींनी मनातल्या मनात मुलगा होऊन त्या गोष्टींत शिरायचं. तू लहान असताना २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' आलं, त्यात शाळेचा गणवेश घातलेली चमकी होती, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण दोन वर्षांनी 'छोटा भीम' आला आणि चुटकी पुन्हा भीमला लाडू पुरवू लागली. ब्लुई आणि बिंगो दोघी मुली आहेत, आणि त्यांच्या मुलगी असण्याचा गोष्टीत गाजावाजा नाही. तू लिहिशील तेव्हा हे ध्यानात ठेव.

भाषेबद्दल मला काळजी आहे आणि ती मी लपवणार नाही. तू आणि शेजारच्या मुली दुपारी भातुकली मांडायचात तेव्हा हिंदीत बोलायचात. घरी मराठी, शाळेत मराठी, पण खेळ सुरू झाला की "चलो, अब मैं मम्मी बनती हूँ". टीव्हीवरच्या जपानी कार्टूनमधला डोरेमॉन हिंदीत बोलायचा, म्हणून खेळाची भाषा हिंदी. २०१३ मध्ये बांगलादेशाने हिंदीतल्या डोरेमॉनवर बंदी घातली, कारण तिथली मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली होती. बंदीने काही साधतं असं मला वाटत नाही. आपल्या भाषेत तितकंच ओढ लावणारं काही असेल तर मुलं आपणहून त्या भाषेत खेळतील. तुझी मालिका हिंदीत होणार हे मला ठाऊक आहे. पण निदान संवाद सुचताना ते तुला मराठीत सुचू देत, आणि कधी संधी आलीच तर मराठी आवृत्ती नुसतं भाषांतर होऊ देऊ नकोस. डब केलेल्या मराठीत मुलं "मी हे करणार जात आहे" असं काहीतरी बोलतात, ते ऐकवत नाही.

आता तुझ्या कामाचा जो भाग मला सगळ्यात अवघड वाटतो, त्याबद्दल. तू म्हणालीस, तुमच्याकडे मुलांना बसवून भाग दाखवतात आणि त्यांचं लक्ष कुठे उडतं ते नोंदवतात. ही गोष्ट नवी नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एडवर्ड पामर नावाचे संशोधक हेच करत होते. मुलांसमोर एकीकडे कार्यक्रम, बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं. मूल कोणत्या क्षणी तिकडे बघतं ते टिपून घ्यायचं आणि तेवढा तुकडा सुधारायचा. अलीकडे 'कोकोमेलन' हे लहान मुलांचं कार्टून करणारी मूनबग कंपनीही असंच काही करते असं वाचलं: कार्यक्रमाशेजारच्या पडद्यावर घरातली साधी दृश्यं चालू ठेवायची आणि मूल तिकडे बघतं का ते लिहून घ्यायचं. पद्धत जवळजवळ तीच, मधे पन्नास वर्षं.

मग फरक कुठे पडला? मला वाटतं, लक्ष मिळाल्यावर पुढे काय, इथे. सेसमी स्ट्रीटच्या लोकांना ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही अशा मुलांना शाळेआधी अक्षरं आणि अंक पोहोचवायचे होते, आणि तासाभराने कार्यक्रम संपत होता. आज फोनवर भाग संपतो न संपतो तोच पुढचा सुरू होतो. तो संपणं कुणालाच नको आहे. स्वामीची गोष्ट संपली की आम्हाला आठवडाभर तिच्यावाचून काढावा लागायचा, आणि त्या आठवड्यात आम्ही तिचं काय काय करायचो! मी अंगणात बाकाखाली शिरून चोर पकडला आहे. धाकट्या मामाला चोर केलं होतं आणि तो खरंच चावा बसल्यावर रडला. वाट बघणं आम्ही काही हौसेनं पत्करलं नव्हतं, ती टंचाई होती, आणि टंचाईचे गोडवे मी गाणार नाही. पण रिकामा वेळ मिळाला म्हणून गोष्ट आमच्या हातात आली, हे खरं आहे. फोनवरच्या मुलाला तो वेळ मिळत नाही. फोन त्याच्या हातात कधी आणि किती द्यायचा हे तू ठरवू शकणार नाहीस, ते त्याच्या आईबापांनी बघायचं. तुझ्या हातात फक्त भागाचा शेवट आहे.

तिथे तुझ्यावर दबाव येईल. शेवटच्या मिनिटात काहीतरी धमाका ठेव, पुढचा भाग बघायला लाव, असं सांगतील. नोकरी आहे, प्रत्येक वेळी नाही म्हणता येणार नाही, हे मला कळतं. पण दहातल्या एका भागात तरी गोष्ट नीट, शांतपणे संपू दे, आणि मुलाला करण्यासारखं काही मागे ठेव. मोजायला काही, शोधायला काही, बाहुलीला झोपवायला.

आणि एक मागणं आहे. तुमच्या त्या चाचणीला तू हजर असशील तेव्हा भाग संपल्यावर लगेच उठू नकोस. पडदा बंद करायला सांग, वही घेऊन पाव तास तिथेच बस, आणि मुलं काय खेळतात ते लिहून घे. कुणी कोण झालं, कोणत्या भाषेत भांडले, गोष्टीतलं काय उचललं, काय बदललं. तुझ्या साहेबांनी तो कागद बघितला नाही तरी चालेल, मला मात्र पाठव. मी वाट बघते आहे.

बाबा बरे आहेत. 'गोट्या'ची पुस्तकं कपाटातून काढून ठेवली आहेत, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई