कापल्याशिवाय बसत नाही, कापली की परत घेत नाही: बेसच्या तारांविषयी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: बेस गिटारच्या चार तारांच्या संचातील (जाडी इंचाच्या हजारांशांत 45-65-85-105, निकेल प्लेटेड, राउंडवाउंड म्हणजे गाभ्यावर गोल तारेचं वेटोळं असलेल्या) दोन तारा निकामी झाल्याबद्दल आणि त्या बदलून द्यायला नकार दिल्याबद्दल

महोदय,

"ग्राहकाने तार कापलेली असल्यामुळे ती मूळ स्थितीत नाही, सबब बदलून देता येणार नाही," असं कळवून आपल्या विभागाने माझी तक्रार बंद केली. ती पुन्हा उघडावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. बेसची तार न कापता बसवायची कशी, हे मात्र आपल्यापैकी कोणीच मला सांगितलेलं नाही.

तारा लांब का ठेवतात हे मला ठाऊक आहे. कोणाच्या बेसला चारही चाव्या (तार आवळायच्या खुंट्या) एका ओळीत असतात, कोणाच्या दोन इकडे, दोन तिकडे. कोणाची तार ब्रिजच्या (खालच्या टोकाला तारा अडकवतात त्या पट्टीच्या) मागून ओवतात, कोणाची थेट लाकडातून आरपार. सगळ्यांना पुरावी म्हणून आपण एकच लांबी काढता आणि उरलेली कापायचं काम वाजवणाऱ्यावर सोडता. त्यात गैर काहीच नाही. पण चार तारांतली (जाडीच्या क्रमाने ई, ए, डी, जी) ईची जाड तार न कापता गुंडाळायला घेतली तर चावीच्या खांबावर वेढ्यावर वेढा चढतो आणि तार सुरात टिकत नाही. डोकं (चाव्या बसवलेला भाग) नसलेल्या काही बेसना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, त्या तेवढ्या कापाव्या लागत नाहीत. तशा आपण विकत नाही. म्हणजे आपली तार कशी वाजते हे कळण्याच्या आधीच ती कापावी लागते, आणि कापली की वॉरंटी संपते. मग ही वॉरंटी असते तरी कधी? पाकीट फोडेपर्यंत?

आता प्रत्यक्ष घडलं ते सांगते. संचाबरोबर आलेल्या पत्रकात लिहिलं आहे: तार चावीच्या खांबापुढे दोन इंच ठेवून कापा, टोक खांबाच्या भोकात घाला आणि चावी फिरवा. खाली ठळक अक्षरांत ताकीद आहे की याप्रमाणे न बसवल्यास वॉरंटी लागू होणार नाही. मी बरीच वर्षं बेस वाजवते आणि तारा स्वतःच बदलते. माझी पद्धत वेगळी आहे. तरी ती ताकीद वाचून ई आणि ए या दोन तारा मी पत्रकात लिहिल्याबरहुकूम बसवल्या. एक काढायची, एक लावायची, अशा क्रमाने. चारही तारा एकदम सोडल्या तर मानेवरचा दीडशे पौंडांहून अधिक ताण एका झटक्यात जातो, ते मला नको होतं.

ईची तार सुरात आणली तेव्हाच शंका आली. आवाज बद्द. आस नाही, घुमारा नाही, छेडल्या छेडल्या नाद बसतो. ट्यूनरचा काटा एका जागी ठरेना. बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवरचा) हार्मोनिक, म्हणजे तार नुसती स्पर्शून काढलेला सूर, एक सांगतो आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर त्याहून चढा. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) मागे घेत घेत शेवटपर्यंत नेलं, तरी फरक मिटला नाही. एची तार दाबून वाजवली तर बरी, मोकळी वाजवली की नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तार टेकते त्या खाचांच्या पट्टीपाशी) खरखर.

डी आणि जी या दोन तारा मग मी माझ्या पद्धतीने बसवल्या: भरपूर लांबी ठेवून, आणि पक्कडीने काटकोनात वाकवल्यानंतरच बाकाच्या पलीकडे कापून. त्या दोन्ही सुरेख वाजतात. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट जीच्या तारेचा आवाज मला आवडलाच. संच तोच, बेस तोच, हातही तेच. फरक पडला तो फक्त आपल्या पत्रकाने.

आपल्याकडून आलेल्या उत्तरांपैकी पहिलं होतं, नव्या तारा "बसायला" वेळ लागतो. खरं आहे, पण ते सुराबद्दल. नवी तार खांबावर आवळत जाते, म्हणून सुरुवातीला पुन्हा पुन्हा उतरते. नादाचं उलटं असतं. राउंडवाउंड तार कोरी असते तेव्हाच सर्वांत खणखणीत वाजते. पुढे घाम आणि मळ वेटोळ्यांच्या खाचांत भरला की ती मंदावते. पहिल्या दिवशी बद्द वाजणारी तार वापरून उजळलेली मी कधी पाहिली नाही. आपल्या तंत्रज्ञांनी पाहिली असेल तर कळवावं.

दुसरं उत्तर: बेसमध्ये दोष असू शकतो, त्याची लांबी (नटापासून सॅडलपर्यंतची) तपासून घ्या. माझा बेस 34 इंची आहे. 1951 साली प्रिसिजन बेस आला तेव्हापासून हीच लांबी सर्वाधिक प्रचारात आहे, आणि आपल्या पाकिटावर "लाँग स्केल" छापलं आहे ते याच मापासाठी. तरीही खात्री करावी म्हणून उतरवलेली जुनी ई पुन्हा चढवली. जुनी असूनही स्वच्छ वाजली, आणि सॅडल पूर्वीच्या जागी आणताच बाराव्या फ्रेटवर सूर जुळला. बेसचा दोष नाही.

तिसरं उत्तर वर दिलंच आहे.

दोष कशात आहे ते कापलेल्या तुकड्यांवरून दिसतं. भिंगाखाली पाहिलं तर ईच्या तारेचा गाभा गोल आहे. बाजारातल्या बऱ्याचशा तारांचा गाभा षट्कोनी असतो; त्याच्या सहा कडा वरच्या वेटोळ्याला पकडून ठेवतात, त्यामुळे ती तार कशीही कापली तरी बहुधा निभावून जातं. गोल गाभ्याला अशा कडाच नसतात. तिथे वेटोळं जागेवर राहतं ते टोकाच्या बंदोबस्तावर, म्हणून आधी काटकोनात बाक द्यायचा आणि मगच पलीकडे कापायचं. सरळ तार कापली की कापल्या टोकापासून वेटोळं सैल होत मागे सरकतं आणि गाभ्यापासून सुटतं. मग गाभा एक हलतो, वेटोळं दुसरं, आणि तार मेली. पुन्हा आवळायची सोय नाही. आपल्या पत्रकात बाकाचा उल्लेखही नाही आणि गाभा गोल असल्याचं पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही. कारखान्यात हे कोणाला माहीत नसेल, असं मी मानत नाही. ज्याने तार बनवली आणि ज्याने पत्रक लिहिलं, त्यांची गाठ पडलेली नसावी.

आता ते दोन इंच. माझ्या चाव्यांचे खांब अर्धा इंच जाड आहेत. अशा खांबाभोवती एका वेढ्याला दीड इंचाहून थोडी जास्त तार लागते. भोकात टोक जातं ते अर्धा-पाऊण इंच. हिशेब करा: दोन इंचांत धड एक वेढाही पुरा होत नाही. ईची चावी नटाच्या सर्वांत जवळ, तिथे एक वेळ चालेल. एची पुढची आहे, आणि माझ्या बेसवर तार खाली दाबणारी बटणं फक्त डी आणि जीसाठी आहेत. ए नटावर घट्ट बसायची तर खांबावर दोन-तीन वेढे वरून खाली उतरत जायला हवेत, म्हणजे तारेला नटापाशी पुरेसा उतार मिळतो. अपुऱ्या वेढ्याने ती खांबाच्या वरच्या अंगालाच राहिली, नटावर जेमतेम टेकली, आणि तीच ती खरखर. चार-पाच इंच, किंवा ढोबळमानाने दीड ते दोन चाव्यांचं अंतर पुढे मोजून कापा, असं लिहिलं असतं तर हे झालंच नसतं. शिवाय कमी कापलेली तार पुन्हा कापता येते. जास्त कापलेलीला इलाज नाही. जिथे चूक सुधारता येत नाही तिथे तरी पत्रकाने हात राखून माप द्यायला हवं होतं.

तार ओवताना तिला पीळ पडू देऊ नये, गोळीचं टोक मोकळं फिरू द्यावं, हेही पत्रकात नाही. ते मी सांभाळलं, म्हणून त्यावर भांडत नाही.

माझी मागणी अशी. मला ई आणि ए सुट्या नकोत, पूर्ण संच हवा; दोन तारा वापरलेल्या आणि दोन कोऱ्या लावल्या की खर्ज एका आवाजात आणि वरच्या तारा दुसऱ्या आवाजात वाजतात. हवं तर डी आणि जी मी परत पाठवते. निकामी तारा कापलेल्या तुकड्यांसह तपासणीला घ्या, तुकडे मी जपून ठेवले आहेत. पाकिटावर गाभा गोल की षट्कोनी ते छापा. आणि पत्रक दुरुस्त होईपर्यंत निदान ती ठळक ताकीद तरी काढून टाका, कारण ती पाळणाऱ्याचंच नुकसान होतं आहे. "कापलेली तार परत घेत नाही" हा नियम दुकानातून तुकड्याने विकल्या जाणाऱ्या वायरला ठीक असेल. बेसच्या तारेला तो लावणं म्हणजे दिलेला शब्द त्याच कागदावर मागे घेणं आहे.

ऑर्डरची नोंद, फोटो आणि ई व ए या दोन्ही तारांचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे आधीच्या मेलसोबत आलेलं आहे. ते ऐकून कोणी मत दिलं असेल तर ते मला लेखी हवं आहे, आणि शक्यतो स्वतः बेस वाजवणाऱ्या माणसाचं. फोनवरचं आश्वासन चालणार नाही. तशी दोन मिळाली, त्यांपैकी एकाचीही नोंद आपल्याकडे सापडत नाही असं तिसऱ्या फोनवर कळलं.

आपली,
एक तक्रारदार ग्राहक

सोबत: पत्रकाची छायाप्रत, कापलेल्या टोकांचे भिंगाखालचे फोटो