गाडीतला फोन आईकडे द्या

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गाडीला ब्लूटूथ बसवून घेतलंत, हे परवा आईकडून कळलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, आणि माझी काळजी मात्र त्यानंच वाढली.

फोन हातात धरून गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जबर दंड आहे, कैदही होऊ शकते. म्हणून हात मोकळे असले की झालं, असं सगळेच धरून चालतात. पण अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर या मानसशास्त्रज्ञांनी सिम्युलेटरवर, म्हणजे खोट्या गाडीत पडद्यावरच्या रस्त्यासमोर, लोकांना बसवून पाहिलं, तर फोन हातात धरून बोलणारे आणि न धरता बोलणारे, दोघांचंही लक्ष जवळपास सारखंच उडालेलं निघालं. नजर समोर असूनही समोरचं टिपलं जात नाही. हे वयाचं नाही हं बाबा, त्या प्रयोगांत बरीचशी कॉलेजातली पोरं होती. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला ठाऊक आहे. तिथे काकांशी शेताच्या वाटणीवर बोलत असताना पुढच्या ट्रकचे लाल दिवे एका सेकंदानं उशिरा दिसले, तर?

मग शेजारी बसून आई बोलते त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तेही त्यांनी तपासलंय. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. आई, खंबाटकीचा बोगदा संपून ते एस वळण आलं की तू बोलता बोलता थांबतेस, उलट "अहो, तो कंटेनर बघा" म्हणतेस. इथे पुण्यात बसलेल्या मला ते वळण दिसत नाही. मी बोलतच राहीन.

तेव्हा रविवारी निघताना फोन आईच्या पर्समध्ये. मॅप लावायचा तो घरातूनच. कुणाचा आला तर आईनं घ्यावा आणि "शिरवळला थांबलो की करतो" एवढंच सांगावं. काकांशी मी बोलले आहे, ते रागावणार नाहीत. तुम्ही पोहोचेपर्यंत माझा फोन येणार नाही.

आईच्या गुडघ्यासाठी सकाळी 11 ची वेळ मिळाली आहे. उशीर झाला तर दुपारची मागून घेईन, घाई करू नका.

तुमची लेक