कार्डाचे दोन टक्के

संपादक महोदय,

कार्डाने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून काही दुकानदार बिलावर दोन टक्के जास्त घेतात. दुकानांच्या खतावण्या लिहिण्यात माझी हयात गेली, म्हणून त्याबद्दल हे पत्र. कार्डाने बिल चुकतं झालं तरी दुकानदाराच्या खात्यात बहुतेकदा पूर्ण रक्कम येत नाही. कार्ड देणारी बँक, कार्डाचं नेटवर्क (म्हणजे दोन्ही बँकांमधला व्यवहार जोडणारी कंपनी) आणि मशीन बसवणारी बँक आपापला वाटा कापून घेतात. त्यात गंमत अशी, की शंभरावर दोन वाढवून घेतले तर कपात एकशे दोनांवर होते! दुकानदाराची चडफड मला कळते. पण रोकड मोजणं, सांभाळणं, बँकेत भरणं फुकट होतं का? तो खर्च बिलात वेगळा लावलेला मी तरी पाहिला नाही. हा जादा आकार घ्यायचाच असेल तर आधी पाटी लावा. कार्ड मशीनमध्ये गेल्यावर ‘वर दोन टक्के हं’ असं पुटपुटू नका.

– एक निवृत्त हिशेबनीस