गेटच्या आत

इटलीतलं जेनोआ सोडल्यावर, जहाजावरून
रात्री साडेनऊ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आज मी गोदीत जाऊन आले. गेटच्या आत, पार धक्क्याच्या टोकापर्यंत.

मुंबई गोदीच्या ग्रीन गेटबाहेर आईचा हात धरून मी किती वेळा उभी राहिले असेन! पगाराच्या संध्याकाळी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, एकदा चौथीचा निकाल दाखवायला. तुम्ही पास दाखवून बाहेर यायचात. खिशात टॅलीची, म्हणजे माल मोजायची पेन्सिल, बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. आत न्या म्हणून मी हट्ट धरायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आत काय बघायचंय बाळा, नुसती धूळ." 36 वर्षं तुम्ही त्या गेटातून आत गेलात आणि आम्हाला भिंतीवरून दिसली ती फक्त क्रेनची टोकं. आज सकाळपासून हेच मनात घोळतंय, म्हणून फोनवर न सांगता लिहायला बसले. पोरगी झोपलीय. हे वर डेकवर फेऱ्या मारतायत.

पहाटे जहाज बंदरात शिरलं तेव्हा मी एकटीच कठड्याशी उभी होते. समोर लांतेर्ना, म्हणजे इथला दीपस्तंभ. एकावर एक दोन चौकोनी मनोरे ठेवावेत तसा दिसतो. 77 मीटर उंच, आणि आज उभा आहे तो 1543 सालचा. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून 87 वर्षं होती, आणि दिवा आजही लागतो! तेवढ्यात पायलटची, म्हणजे बंदराच्या वाटाड्याची बोट आली आणि एक माणूस चालत्या जहाजाला लावलेल्या दोरशिडीवरून सरसर वर चढला. कप्तान केवढाही मोठा असो, बंदरात शिरताना पायलटचंच ऐकतो, हे तुम्ही जेवताना कितीदा सांगितलंत. आज डोळ्यांनी पाहिलं. मग जहाजावरून आधी बारीक दोरी फेकली, तिच्या मागे मनगटाएवढा दोर. धक्क्यावरच्या दोघांनी तो ओढून लोखंडी खुंटात अडकवला. एवढं पंधरा मजली जहाज, आणि शेवटी दोन माणसांच्या हातांनी बांधलं गेलं. मी बघतच राहिले.

नाश्ता झाल्यावर बरीचशी मंडळी बसमध्ये बसून मिलानला नाहीतर पोर्तोफिनोला गेली. आम्ही कुठेच जायचं नाही असं रात्रीच ठरवलं होतं. सहापर्यंत जहाजावर परतायचं होतं. तोवर पायी होईल तेवढंच शहर बघायचं आणि दमलं की बसायचं. जहाज लागतं तिथून जुनं बंदर रमतगमत वीस मिनिटांवर आहे. डोक्यावरून सबंध रस्ता एक उंच पूल सोबत करतो, एका हाताला जुनं शहर आणि दुसऱ्या हाताला बंदर. 1965 सालचा आहे. आपल्या ईस्टर्न फ्रीवेवरून जाताना तुम्ही खिडकीतून बोट दाखवायचात ना, ते व्हिक्टोरिया डॉक, ते प्रिन्सेस डॉक, तसंच कोणी जेनोआचे बाबा इथे आपल्या मुलांना दाखवत असतील.

जुन्या बंदराला पोर्तो आंतिको म्हणतात. एके काळी शहर आणि हे धक्के यांच्यामध्ये कस्टमचं कुंपण होतं. समोर समुद्र, पण शहरातल्या माणसाला पाण्यापर्यंत जायची सोय नाही. कोलंबस इथलाच. त्याच्या सफरीला 500 वर्षं झाली म्हणून 1992 साली इथे मोठं प्रदर्शन भरलं, आणि रेंझो पियानो या इथल्याच वास्तुविशारदाने हा सगळा भाग लोकांसाठी मोकळा करून दिला. वखारी पाडल्या नाहीत, ठेवल्या. आता आजी-आजोबा नातवंडांना घेऊन धक्क्यावर आइसक्रीम खात बसतात.

याच धक्क्यावर युरोपातलं एक मोठं मत्स्यालय आहे. हे पोरीला घेऊन तिकडे गेले. मी म्हटलं, तुम्ही शार्क बघा, मी बसते. आणि दीड तास एका बाकावर बसून राहिले.

समोर बिगो होता. पाण्यातून आठ पांढरे हात पंजा उघडल्यासारखे वर आलेत, पोलादी दोरांनी ताणलेले. एका हाताला गोल लिफ्ट टांगलेली आहे. बिगो हा इथल्या गोदीतलाच शब्द, जहाजावरच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या यारीला म्हणतात. म्हणजे तुमचा डेरिक, बाबा! शहरात चौकाचौकात राजे आणि सेनापती उभे असतात. इथे बंदराच्या तोंडाशी डेरिक उभा केलाय, आणि तोही गोदीकामगारांच्या शब्दासकट. मला भरून आलं. तुमच्या हाताखालून गेलेल्या किती डेरिकांची नावंही कुणी लिहून ठेवली नसतील.

बिगोच्या पलीकडे एका धक्क्यावर लांबच लांब दगडी इमारत आहे. पाटीवर 'मागात्सिनी देल कोतोने' असं लिहिलं होतं. मागात्सिनी म्हणजे वखारी आणि कोतोने म्हणजे कापूस. कापसाच्या वखारी! आता आत सिनेमागृह आणि सभागृहं आहेत. मी भिंतीला हात लावून आले. सुएझ कालवा 1869 साली उघडल्यावर इथल्या रुबात्तिनो कंपनीच्या आगबोटी जेनोआ-मुंबई करू लागल्या, आणि आपला कापूस आफ्रिकेला वळसा न घालता सरळ या समुद्रात यायला लागला. कॉटन ग्रीनच्या ज्या गोदामांवरून आपण लोकलने जायचो, तिथला कापूस दुसऱ्या टोकाला असाच कुठल्यातरी धक्क्यावर उतरत असणार. एका टोकाला गाठी मोजून तुम्ही वहीत पाचाचा गठ्ठा करून रेघ मारायचात. दुसऱ्या टोकालाही कोणीतरी पेन्सिल घेऊन उभं असेल. तुमच्या कामाचं दुसरं टोक असंही असतं, हे मला इतकी वर्षं कधी सुचलंच नव्हतं.

आई, आता तुझ्यासाठी. बंदरासमोर सोत्तोरिपा नावाची कमानींची जुनी ओळ आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या कमानींखाली अजून तळणाची दुकानं चालतात. लहान मासे अख्खे तळून कागदाच्या पुडीत देतात. आच्चूगे म्हणतात त्यांना, आपल्या मांदेलीच्याच कुळातले. पोरीने काट्यासकट खाल्ले आणि म्हणाली, "आजीचे जास्त कुरकुरीत असतात." खरंय ते.

पण खरी गोष्ट फारिनाताची. काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, बस. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी. चार-पाच तास भिजवून ठेवतात आणि वर येणारा फेस चमच्याने काढून टाकतात. मी भट्टीसमोर उभी राहून नीट पाहिलं. तांब्याचं हे एवढं मोठं पसरट ताट, दोन्ही हात पसरले तरी जेमतेम मावेल असं, आणि आई, आतून कल्हई केलेलं! तेल ओतून वर ते पातळ पीठ ओतलं, लाकडी पळीने एकजीव केलं आणि लांब दांड्याने ताट लाकडाच्या भट्टीत सारलं. आगीच्या उजेडात कडा आधी फुगल्या, मग पिवळ्याच्या तांबूस झाल्या. बाहेर काढल्यावर सुरीने आडवंतिडवं कापलं, वर मिरपूड, आणि कागदात बांधून हातात दिलं. वरून खरपूस, आतून मऊ, थेट तुझ्या बेसनाच्या पोळ्याची सख्खी बहीण. ओवा, मिरची, कोथिंबीर मात्र नाही. पहिल्या घासाला मला आपलं क्वार्टर्समधलं स्वयंपाकघर आठवलं, आणि खाली पितळेच्या भांड्यांपाशी बसून तू कल्हईवाल्याशी भाव करायचीस ते. तो नवसागराचा धूर आठवतो का ग तुला?

पेस्तो ही हिरवी चटणीही इथलीच. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटतात. त्यातला पाला तुळशीच्या जातीतला, आपण ज्याचं बी सरबतात भिजवतो त्या सब्ज्याचा. एक छोटी बाटली घेतलीय. पण त्यात लसूण आणि चीज आहे, तेव्हा चतुर्मासात उघडू नकोस.

दुपारी सान लोरेन्झोच्या चर्चमध्ये शिरलो, मुख्यतः सावलीसाठी. बाहेरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, पायऱ्यांशी दगडी सिंह. आत उजव्या बाजूला भिंतीशी एक तोफगोळा ठेवलाय, पोरीच्या खांद्याला लागेल एवढा. 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश युद्धनौकांनी समुद्रातून या शहरावर मारा केला. हा गोळा भिंत फोडून चर्चमध्ये पडला आणि फुटलाच नाही. पोरगी त्याच्याभोवती फिरत राहिली. मी तिला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज, एकाच पोटात कापूस आणि दारूगोळा, आणि तो भयंकर स्फोट. आजोबांची त्या दिवशी रात्रपाळी होती म्हणून ते दुपारी घरी झोपलेले, नाहीतर आपण कोणीच नसतो. तिने विचारलं, "तो का फुटला आणि हा का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा, तुम्ही बोलाल तिच्याशी? तुम्ही गोदीचं सांगता तेव्हा ती अगदी मन लावून ऐकते.

वीया गारिबाल्दीवरून नुसते चालत गेलो. दोन्ही बाजूंना जुन्या सावकारांचे वाडे, जागतिक वारशाच्या यादीतले. सुंदर आहेत, पण माझं मन धक्क्यावरच अडकलं होतं. तिथून जवळच, पोर्तेल्लो चौकात, डोंगराच्या पोटात एक बोगदा आहे आणि बोगद्याच्या टोकाला 1909 सालची सार्वजनिक लिफ्ट. भिंतींना जुन्या फरशा, लाकडी दारं. आमच्याबरोबर भाजीची पिशवी घेतलेली एक आजी होती. ती रोज अशीच घरी जात असणार. वर कास्तेल्लेत्तोचा सज्जा. खाली करड्या पाटीच्या दगडाची छपरं, त्यांतून डोकावणारे मनोरे, मग क्रेन, मग लांतेर्ना, आणि धक्क्याला बांधलेलं आमचं जहाज. वारा होता. पोरगी हे सगळं वहीत काढत बसली, आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

तिथेच माझं ठरलं. तुम्ही दोघांनी यायचं. बाबा, गुडघ्यांचं कारण आधीच सांगू नका. मी आज दिवसभर तुमच्या पायांनी चालले. जहाजापासून जुन्या बंदरापर्यंत एकही चढ नाही. मध्ये बसायला बाक आहेत, मी मोजलेत. फक्त चर्चला पायऱ्या आहेत, त्या हळूहळू चढू, नाहीतर बाहेर सिंहांपाशी बसू. डोंगरावर लिफ्ट नेते. आई, तुझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळून जेवता येईल, जहाजावर सकाळ-संध्याकाळ वरण-भातासारखं साधं मिळतं, मी विचारून ठेवलंय.

पुढच्या वर्षी मे महिना धरूया, इथे तेव्हा ऊन सोसवेल इतकंच असतं. पासपोर्टची मुदत कधी संपते तेवढं कपाटातून काढून बघा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. बाकी कागद मी करते.

आणि बाबा, पत्राच्या उत्तरात मला एक नीट लिहून कळवा. डेरिकने गाठी उचलताना एका खेपेला किती यायच्या, आणि पावसाळ्यात कापूस भिजू नये म्हणून तुम्ही लोक काय करायचात? पोरीच्या वहीत बिगोच्या चित्राखाली तेवढी जागा मोकळी ठेवलीय.

आईच्या हातचा पोळा खायला लवकरच येते.

तुमची,
धाकटी