डबी परत पाठवू नकोस

देवरुख,
14 जून

प्रिय नीलू,

तुझं पाकीट परवा मिळालं. चार पानी पत्र, चौदा वस्तूंची यादी, लेबलाचा नमुना आणि तळाशी माझीच बामची डबी. ‘बाम पाठवलास की तेल?’ हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, चंद्रपूरहून तक्रार आलीय.

चूक माझीच. आमसुलाचं तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. त्यात मी खोबरेल घातलेलं, म्हणजे आणखी लवकर. आणि पाठवलं कुठे, तर मे महिन्यात तुझ्या चंद्रपूरला! पुढच्या घाण्यात मेण वाढवलंय. मेण साठीच्या पुढे वितळतं. तरी पुढच्या वर्षी होळी झाली की विदर्भात बाम पाठवणं बंद, असं मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.

आता तुझ्या मुख्य गोष्टीकडे येते. पतसंस्थेतली नोकरी सोडायची, तीन लाखांचं कर्ज काढायचं आणि दसऱ्याला घरगुती साबण-क्रीमच्या धंद्याचा चौदा वस्तूंनी मुहूर्त करायचा. विचारलंयस म्हणून सांगते, आणि रागावू नकोस. नोकरी सोडू नकोस. कर्ज तर मुळीच काढू नकोस. यादीतल्या बारा वस्तू आत्ताच खोडून टाक.

का ते सांगते. तुझ्या यादीत कोरफडीचं क्रीम आहे ना, तेच मीही पहिल्या वर्षी केलं होतं. परसातली कोरफड, ताजा गर, बदामतेल, मेण. दिसायला असं सुरेख झालं की काय सांगू. डबीवर मोठ्या अभिमानाने लिहिलं, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. बाराव्या दिवशी मावशीचा फोन. ‘शुभा, तुझ्या क्रीमला लव आलीय गं.’ झाकण उघडलं तर कडेने हिरवट केस उगवलेले. सतरा डब्या गेल्या होत्या, सतरा घरी फोन करून ‘लावू नका, फेकून द्या’ म्हणून सांगितलं. डोळ्याला दिसली ती बुरशी तरी कळली. न दिसता जिवाणू वाढले असते तर? जिथे पाणी आलं तिथे हे आलंच. ताजा गर म्हणजे पाणी, गुलाबपाणी म्हणजे पाणी, काकडीचा रस म्हणजे पाणी. त्यात योग्य प्रिझर्व्हेटिव्ह नेमक्या मापात घालावंच लागतं आणि माल प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा लागतो. ते जमत नसेल तर पाणी असलेली वस्तू करायची नाही. मी तेव्हापासून साबण, बाम आणि दिवाळीला उटणं, एवढंच करते. बाम आणि उटण्यात पाणीच नसतं, आणि साबण इतका अल्कली असतो की त्यात बुरशी सहसा धरत नाही. तुझ्या यादीतल्या नऊ वस्तू इथेच बाद.

साबणाचं म्हणशील तर त्यातही पहिल्या दिवशी मी शोभा करून घेतली. आईकडून आणलेल्या जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं. दोन मिनिटांत फसफसायला लागलं, उग्र वाफ, तळ काळाकुट्ट. बारावीला घोकलेलं सगळं साफ विसरले होते. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक लागलं की हायड्रोजन सुटतो. शेजारी शेगडी पेटलेली नव्हती हे नशीब. तेव्हापासून स्टीलचं पातेलं, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. पाण्यात कॉस्टिक सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. विस्तवाशिवाय ते पाणी असं तापतं की पातेल्याला हात लावता येत नाही. ते निवायला ठेवून तेलं वितळवायची, मग दोन्ही एकत्र करून ब्लेंडर फिरवायचा. आधी ताकासारखं असतं, मग पिठल्यासारखं होतं. चमच्यातून पडलेली धार वर रेघ होऊन दिसली की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि सहा आठवडे फळीवर ठेवून द्यायच्या. आमच्याकडे पावसात हवाच इतकी ओली की ताज्या वडीला घाम सुटतो, म्हणून मी सगळे घाणे एप्रिल संपायच्या आत उरकते. पापड-कुरडयांसारखी साबणाचीही बेगमी.

आणि वजनकाटा चांगला घे, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. एक किलो नुसत्या खोबरेलाला 183 ग्रॅम, तर आमसुलाच्या तेलाला 135 च्या आसपास. मी हिशेबापेक्षा पाच टक्के कॉस्टिक कमी घालते, म्हणजे थोडं तेल वडीत तसंच राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. वाटीने, अंदाजाने करायचं काम नाही हे.

आता तुझं लेबल. ते मी समोर ठेवलंय, लाल पेन हातात आहे, आपल्या होस्टेलच्या मेट्रनसारखी.

‘केमिकल फ्री.’ हे शब्द माझ्याही पहिल्या लेबलावर होते. रत्नागिरीच्या एका प्रदर्शनात एक निवृत्त मास्तर आले. वडी उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, कॉस्टिक नाही तर हा साबण झाला कसा?’ मी गप्प. मागे चार बायका उभ्या. मग खरं ते सांगितलं. कॉस्टिक घालते, पण ते तेलाशी मिळून साबण होतो आणि मुरलेल्या वडीत कॉस्टिक म्हणून काही उरत नाही. मास्तरांनी दोन वड्या घेतल्या आणि जाताना म्हणाले, ‘हेच लिहा की मग.’ आता लेबलावर तेच असतं, तेलांची नावं आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिकच. ते वाचून वडी खाली ठेवणारे अजूनही भेटतात, दर प्रदर्शनात चार-दोन. ठेवू देत.

‘पीएच बॅलन्स्ड.’ हे खोड. तेल आणि कॉस्टिकचा खरा साबण अल्कलीच असतो, पीएच नऊ-दहाच्या घरात. त्वचेचा साडेपाचच्या आसपास. जुळवायला गेलीस तर साबणच फुटेल.

‘त्वचारोगांवर गुणकारी.’ हे तर आधी खोड! खरूज, पिंपल, केस गळणं बरं होतं असं लिहिलं की तुझी वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध होते, आणि औषधाचा परवाना वेगळा. विकोची गोष्ट तुला ठाऊक असेल. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये परळला घरातूनच हा उद्योग सुरू केला. पुढे त्यांची हळदीची क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा. ते औषध म्हणून जिंकले. त्यांच्याकडे तसा परवाना होता, वकील होते आणि दम होता. तुझ्या-माझ्याकडे काय आहे?

‘रंग उजळतो.’ नीलू, हे तू लिहिलंस? होस्टेलवर आपल्या दोघींच्या उशाला कुठल्या ट्यूब असायच्या, विसरलीस? तुला पाहायला येणार म्हणून आईने पाठवलेलं ते डाळीचं पीठ दुधावरच्या सायीत कालवून, चेहरा ओढेपर्यंत चोळून बसायचीस आणि मग रडायचीस. मी माझ्या कुठल्याही वस्तूवर रंगाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. उटण्यावरसुद्धा नाही. दुकानदार म्हणतात, लिहा, जास्त खपेल. खपेलही.

परवान्याचं तू एका ओळीत उडवलंस, ‘घरगुती आहे, लागत नसेल.’ लागतो गं. मलाही दीड वर्ष तसंच वाटत होतं, आणि मी ओळखीपाळखीत खुशाल विकत होते. एका बाईने पाकीट उलटं करून परवाना नंबर विचारला तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. अंगाचा साबणही प्रसाधनातच येतो. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे विकण्यासाठी करायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा, घरगुती म्हणून सूट नाही. जागा राहत्या घरापासून वेगळी हवी, आणि देखरेखीला फार्मसीचा डिप्लोमा झालेलं किंवा निदान रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेलं माणूस हवं. माझी बारावी तिथे उपयोगी पडली, जर्मनचं पातेलं जाळूनही! आमचा जुना गोठा रिकामाच होता, त्याला फरशी आणि खिडक्यांना जाळ्या बसवल्या. तेवढं करायचं नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये लोन लायसन्सवर माल करता येतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ती आजच करून टाक. जीएसटीचं एवढ्यात डोक्याला लावून घेऊ नकोस. आपल्या राज्यातच माल विकायचा असेल तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही.

किमतीचं मात्र मनावर घे. तू वडीला 70 रुपये लावलेत. मी 60 पासून सुरुवात केली होती. तेलं 34, बाकी सामान 6, खोका-कागद 8, म्हणजे 48 आणि वर 12 रुपये सुटले, असा माझा आनंद. मग एका दुकानदाराने 35 टक्के मागितले. म्हणजे 21 रुपये त्याचे, माझ्या हातात 39. दर वडीमागे नऊ रुपये पदरचे घालून मी दोन महिने माल पोचवत होते आणि घरी सांगत होते, धंदा जोरात आहे! स्वतःच्या मजुरीचा तर त्यात पत्ताच नाही. शिवाय 2025 मध्ये खोबरेल असं कडाडलं की जुना हिशेब फाडूनच टाकला. आता वडी 130 ला आहे. आणि हो, वडी कापताना 110 ग्रॅमच्या पुढे काप. मुरताना पाणी उडून वजन घटतं. माझ्या पहिल्या पाकिटांवर 100 ग्रॅम छापलेलं आणि आत 91. एका सोनाराच्या बायकोने दुकानातल्या काट्यावर तोलून मला दाखवलं.

आणि तुला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ते, जाहिरात. इन्स्टाग्रामवर मी महिनाभर रोज रील टाकली. भाचीने शिकवलं, दिवा आणला, साबण कापतानाचे व्हिडिओ केले. बघितले पुष्कळांनी, मागवले अकरा जणांनी, त्यातले चार नातेवाईक. मी बंद केलं नाही, पण त्यावर रात्री जागवणं सोडलं. खरं चाललं ते वेगळंच. गणपतीपुळ्याच्या बाजूला ओळखीच्या एकीचं होमस्टे आहे. तिच्या न्हाणीघरात ठेवायला मी वीस ग्रॅमच्या छोट्या वड्या दिल्या, वर फक्त नाव आणि फोन नंबर. पाहुणा दोन दिवस अंगाला लावतो, निघताना विचारतो, हा कुठे मिळतो? आता अशी नऊ घरं आहेत. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा परत जाताना डझनाने नेतात, मुंबईत वाटायला. वापरून बघितलेल्या माणसाला मला काही पटवावं लागत नाही. तुमच्याकडे ताडोब्याला येणारी माणसं राहतात कुठे, ते जरा बघ. फक्त एक लक्षात ठेव, बोअरचं पाणी जड असेल तिथे आपल्या साबणाला फेस कमी येतो. आधी तिथल्याच पाण्यात हात धुऊन बघ.

तर काय करायचं? यादीत तू अगदी शेवटी, जणू लाजत, लिहिलंयस, ‘टोळीच्या तेलाचा साबण, बघू जमला तर.’ अगं, तोच पहिला! गुलाब, केशर, चंदन सगळ्या देशभर विकतात. मोहाच्या टोळ्यांचं, म्हणजे बियांचं, तेल तुझ्या दाराशी गाळलं जातं, तुझी आजी थंडीत पायांना तेच चोळायची. सासूबाई मुठेल करतात तसंच हे. त्या अजून कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तेल मुठीत दाबून गोळे करतात आणि फडताळात ठेवतात. माझा बाम पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘भेगांना लावायचं तेल, त्याला डबी कशाला?’ मला अजून त्याचं धड उत्तर देता आलेलं नाही.

टोळीच्या तेलाला वास उग्र असतो म्हणतात. किती टक्के घातलं तर सोसवतो आणि वडी कडक होते का, ते मी इथे तीन छोट्या घाण्यांत करून बघते. पाऊस आहे, मुरायला वेळ लागेल, पण गणपतीपर्यंत कळेल. तू एक किलो तेल पाठव. यंदाचंच घे, जुनं खवट झालेलं नको. आणि डब्याचं झाकण मेण लावून बंद कर. मागच्या वेळी तुझ्या जवसाच्या चटणीचं तेल सबंध पार्सलभर झालं होतं, पोस्टातले काका अजून विचारतात.

बामची डबी यासोबतच पाठवतेय, परत माझ्याकडे धाडू नकोस. तो हळूहळू थिजल्याने रवाळ झाला होता, बिघडला नव्हता. मी वितळवून लगेच फ्रीजमध्ये गार केलाय, आता गुळगुळीत आहे. पुन्हा पातळ झाला तर तूही तसंच कर आणि टाचांना लाव. काकूंनाही दे.

तुझी,
शुभा